डावीकडे ओढणारं विमान

कवळीवाले आयुष्यात एकदाच विमानात बसले होते, लेकीकडे जाताना, आणि तेही अख्खा प्रवास डोळे घट्ट मिटून. मॅडम शेजारून सांगत होत्या, अहो ढग बघा, नदी बघा, पण हे आपले खुर्चीचे हात धरून बसलेले. असा माणूस साठीला टेकल्यावर विमानं बनवायला लागला असं कुणी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! पण बनवली. आणि साधीसुधी नाहीत. एकाचा पंख एकीकडे लांब नि दुसरीकडे आखूड. एकाचं इंजिन नाकाऐवजी कडेला लटकलेलं. एक तर चक्क मागच्या मागे उडायचं. कॉम्प्युटरच्या खेळात का होईना, पण उडायचं, आणि ते उडवायच्या मॅडम, एका हाताने.

थांबा, असं मधूनच सांगून भागायचं नाही.

दातांचे डॉक्टर वेगळे आणि कवळीवाले वेगळे, हे आधी लक्षात घ्या. डॉक्टर लोकांच्या तोंडात हात घालतात. कवळीवाल्यांनी जन्मात कुणाचं तोंड उघडून बघितलं नाही. त्यांच्याकडे यायचा तो प्लास्टरचा जबडा, डॉक्टरांनी माप घेऊन पाठवलेला. एका इमारतीच्या तळघरात त्यांचं टेबल, वर भर दुपारीही ट्यूबलाइट, आणि नाकात कायम मेणाचा नि गरम प्लास्टिकचा वास. जबड्यावर मेणाच्या हिरड्या चढवायच्या, एकेक दात बसवायचा, साच्यात घालून पक्कं करायचं, घासायचं, चकाकी आणायची, डबीत घालून पाठवून द्यायचं. चार दिवसांनी कवळी परत यायची. तिच्यावर डॉक्टरांनी निळ्या पेन्सिलीने खूण केलेली असायची, म्हणजे इथे टोचतंय. कवळीवाले मशीन सुरू करून नेमकं त्या खुणेवर घासायचे. पुन्हा आली तर पुन्हा घासायचे. कुरकूर नाही, वैताग नाही. गल्लीतल्या कुणाचं खरं नाव विचाराल तर सांगता येईल, पण यांना सगळे कवळीवालेच म्हणायचे, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे.

त्यांची बायको म्हणजे मॅडम. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायच्या. अर्ध्या गावाला स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं होतं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तुम्ही बघितला असेल. बाकीचे मास्तर त्या ब्रेकवर पाय ठेवूनच बसायचे. मॅडम पाय सीटखाली दुमडून घ्यायच्या. समोरून ट्रक येऊ दे नाहीतर म्हैस, शेवटच्या घटकेपर्यंत पाय पुढे यायचा नाही. शिकणाऱ्याला घाम फुटायचा, पण तो शिकायचा.

तो पाय एकदा मात्र वेळेवर पुढे आला. सकाळची शिकवणी चालू असताना मॅडमना डावा हात आपला वाटेनासा झाला. त्यांनी ब्रेक दाबून गाडी कडेला थांबवली, शिकणाऱ्या मुलीला हँडब्रेक ओढायला लावला, इंजिन बंद करायला लावलं, आणि मग दाराच्या बाजूला कलंडल्या. डोक्यात रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला. बोलणं फारसं बिघडलं नाही. पाय हळूहळू काठीवर आला. डावा हात तेवढा आला नाही.

त्या हाताला मॅडम पाहुणी म्हणायच्या. नुसती मांडीवर बसून असते, काडीचं काम करत नाही, वर तिला कपडे घाला, तिला सांभाळून आत घ्या, तिला दारात चिमटू देऊ नका! पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा कवळीवाले हसले. पुढे पुढे हसू येईनासं झालं. कारण त्या पाहुणीचं सगळं त्यांच्यावरच आलं होतं. सकाळी उठून पाणी तापवा, मॅडमना अंघोळ घाला, बाही चढवा, बटणं लावा, वेणी घाला. वेणी त्यांना कधी जमली नाही, शेवटी मॅडमनी केस कापून टाकले. मग डबा, मग तळघर, मग संध्याकाळी भाजी, भांडी, कपडे. रात्री पाठ टेकली की झोप यायची असं नाही, नुसतं पडल्यासारखं व्हायचं. माणूस आजारी नसतानाही किती दमू शकतो, हे त्यांना त्या वर्षी कळलं.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. वयाने लेकीहून लहान, पण धाकात ठेवणारी. तिने एक पिवळा मऊ गोळा दिला होता, डाव्या मुठीत धरून दाबायचा. ती म्हणायची, ‘‘काका, बोटांत जीव आहे. पण हाताला काम पडलं पाहिजे. काम पडलं नाही की तो विसरतो, आणि एकदा विसरला की मग माझ्याही हातात काही राहत नाही. हे वर्ष वाया घालवू नका.’’ ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकानेही निरोप ठेवला होता, मॅडम, सीट तुमचीच आहे, हात आला की या. हात आला की. मॅडमचा सगळा जीव त्या तीन शब्दांत अडकला होता. गोळा त्या दाबायच्या, पण दाबता दाबता कंटाळून कोपऱ्यात भिरकावून द्यायच्या. उजव्या हाताने, अर्थात.

लेक सुट्टीला आली आणि जाताना आपला जुना कॉम्प्युटर ठेवून गेली. त्यात विमानांचा खेळ होता. ‘‘आईला बसल्या जागी विरंगुळा,’’ म्हणाली. खेळ असा की आधी विमान स्वतः बनवायचं. पंख, शेपटी, चाकं, इंजिन, वजनाचे गोळे, सगळं एका कडेला मांडलेलं, हवं ते उचला नि जोडा. मग कळ दाबली की ते धावपट्टीवर उभं. उडालं तर उडालं, नाहीतर तुकडे. पलीकडे तळं, तळ्यापलीकडे पाण्याची टाकी. टाकीला वळसा घालून परत येऊन उतरायचं, ही मॅडमनी ठरवलेली परीक्षा.

खेळातलं तयार विमान अगदी साधं होतं. नाकावर एक पंखा, दोन पंख, एक शेपटी. पण नाकावरचा पंखा गरगरतो तसं ते विमान आपोआप डावीकडे कलतं. त्याला सरळ ठेवायचं तर कीबोर्डच्या डाव्या टोकाची एक कळ हलकेच दाबून धरावी लागते. उजवा हात पलीकडे नाक वर धरून असतो, तो सोडला की विमान तोंडावर. म्हणजे ती डावी कळ डाव्या हातानेच दाबायला हवी. आणि डावा हात मांडीवर पाहुणी होऊन बसलेला. मॅडमनी उडवलं, विमान डावीकडे कललं, गिरकी घेतली आणि तळ्यात. पुन्हा तळ्यात. दिवसभर तळ्यात. कवळीवाले तळघरातून आले तेव्हा मॅडम पडद्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही. बंद करा ते.’’

‘‘अगं, पण झालं काय?’’

‘‘डावीकडे ओढतंय!’’ मॅडम ओरडल्या आणि रडायला लागल्या. दवाखान्यात रडल्या नव्हत्या, केस कापताना रडल्या नव्हत्या, आणि आता एका खेळातल्या विमानापायी हुंदके.

आता कवळीवाल्यांना कुणी सांगितलं की इथे टोचतंय, तर ते काय करणार? चष्मा चढवला, खुर्ची ओढली आणि घासायला बसले.

खेळात आरशासारखी एक सोय होती. एका बाजूला पंख लावला की दुसऱ्या बाजूला तस्साच आपोआप लागायचा. कवळीवाल्यांनी आधी ती सोय बंद केली. का, तर त्यांच्या टेबलावर आलेल्या कुठल्याही जबड्याच्या दोन्ही बाजू कधी सारख्या नव्हत्या. सारखं असावं हा हट्टच त्यांना पटेना. विमान डावीकडे कलतंय ना, मग डावा पंख चांगला लांब करू. कमी पडलं, मग उजव्या टोकाला वजनाचा गोळा लावू. पहिलं विमान धावपट्टीवरच पालथं झालं. दुसऱ्याचा पंख हवेत गळून पडला आणि उरलेलं विमान त्याच्याशिवायच थोडा वेळ शहाण्यासारखं उडत राहिलं, तेव्हा मॅडम खुदकन हसल्या. ते हसू बघून कवळीवाल्यांचा थकवा कुठल्या कुठे पळाला.

मग ते वेडच लागलं. संध्याकाळी घरी आलं, हातपाय धुतले, चहा झाला की दोघं पडद्यासमोर. मॅडमनी उडवायचं नि तक्रार सांगायची, कवळीवाल्यांनी ऐकायचं.

‘‘कुठे टोचतंय?’’

‘‘वळताना नाक खाली घालतंय.’’

‘‘आणि?’’

‘‘वळून झाल्यावर शेपटी हलवतंय कुत्र्यासारखी.’’

की लागलीच शेपटीला एक छोटा पंख, पोटाखाली अजून एक चाक, इंजिन बोटभर तिरकं. एक विमान खेकड्यासारखं तिरपं जायचं, पण जायचं. त्याला दोघं खेकडाच म्हणायची. एकाला शेपटी पुढे आणि पंख मागे, ते उलटी खुर्ची. एकाचं बसायचं डबडं एका पंखाच्या टोकावर नि इंजिन दुसऱ्या टोकावर, मध्ये नुसता दांडा. जगातल्या कुठल्या इंजिनिअरने ते बघितलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पण ते टाकीला वळसा घालून आलं आणि उतरलं! मॅडमनी उजव्या हाताने टेबलावर थाप मारली. कवळीवाल्यांनी उठून खिडकी उघडली, उगीचच.

आणि प्रत्येक नवं विमान आधीच्याहून शहाणं. खेकड्याला निदान अधूनमधून सावरावं लागायचं. उलट्या खुर्चीला तेवढंही नाही. कळा बदलून उजवीकडे घेता येतात हे कवळीवाल्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तर त्यांनी तेही केलं असतं. शेवटी शेवटी अशी विमानं निघाली की मॅडमनी एक बोट ठेवलं की पुरे. विमान आपोआप उठायचं, आपोआप सरळ राहायचं, टाकीशी आपोआप झुकायचं. कवळीवाले शेजारी बसून बघायचे, आणि अख्ख्या दिवसात तेवढाच एक तास त्यांचा चेहरा चेहऱ्यासारखा दिसायचा.

पिवळा गोळा पलंगाखाली गेला होता. झाडू मारताना दिसायचा, पण वाकून काढायचं त्राण कुणाला होतं!

एका संध्याकाळी व्यायामाची मुलगी वेळ बदलून आली. एरवी ती महिन्यातून एकदा दुपारी यायची, कवळीवाले कामावर असताना. आली तर दोघं पडद्यासमोर. मॅडमचं विमान तळ्यावरून निघालेलं, एक पंख भला मोठा, दुसरा जेमतेम, तीन शेपट्या, तरी असं संथ चाललेलं की बघत राहावं. ती मुलगीही बघत राहिली.

‘‘हे काकांनी बनवलं?’’

‘‘मग!’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘भारी आहे. आणि डावा हात काय करतो यात?’’

कवळीवाल्यांची छाती फुगली. ‘‘त्याची गरजच पडत नाही आता. सगळं विमानातच घातलंय. आधी फार ओढायचं डावीकडे, आता बघा, जरासुद्धा नाही.’’

मुलीची नजर पलंगाखाली गेली. तिने पलंगाखालून गोळा काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि मॅडमच्या डाव्या तळहातावर ठेवला. ‘‘दाबा.’’ बोटं हलली, नाही असं नाही. पण मागे गोळा चेपायचा, आता त्याला खळीही पडली नाही. मुलीने पुन्हा दाबायला सांगितलं. मग गोळा काढून घेतला.

‘‘काका, तुम्हाला वाईट वाटेल, पण सांगते. दिवसभर त्या हाताला काही काम नसतं, ते मला माहीत होतं. मला वाटलं संध्याकाळी या खेळात तरी पडत असेल, मॅडम सांगायच्या आम्ही रोज खेळतो म्हणून. मी म्हटलं वा, यापेक्षा चांगला व्यायाम नाही. तुम्ही तर त्याचं होतं नव्हतं तेवढं काम काढून घेतलंत.’’

ती गेल्यावर कवळीवाले खूप वेळ दाराशीच उभे होते. त्यांना एक म्हातारे गृहस्थ आठवले, सतत कवळी परत पाठवणारे. इथे टोचतंय, तिथे टोचतंय. दर वेळी हे घासत गेले. शेवटी कवळी कुठेच टोचेना, पण तोंडात ठरेचना. बोलताना खाली पडायची. डॉक्टर म्हणाले होते, अहो, नवी कवळी थोडी टोचणारच, हिरडीला सवय व्हायला नको का? नुसतं घासत काय बसता? तेव्हा हो हो म्हणाले होते आणि नवी करून दिली होती. पण हात नवा करून देता येतो थोडाच!

‘‘माझं चुकलं,’’ ते म्हणाले. ‘‘मी तुझा हात घालवला.’’

‘‘एवढं सगळं श्रेय एकटे घेऊ नका,’’ मॅडम म्हणाल्या. मग आवाज उतरला. ‘‘मला माहीत होतं.’’

‘‘काय माहीत होतं?’’

‘‘अहो, इतकी वर्षं गाडी शिकवली मी. शेजारचा माणूस ब्रेकवर पाय ठेवून बसला की गाडी कशी चालते हे मला कळत नाही होय? पहिल्याच आठवड्यात कळलं. तुम्ही ब्रेकवर बसला होतात आणि मी नुसती स्टिअरिंग धरून.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

मॅडम डावा हात उजव्या हाताने कुरवाळत राहिल्या. ‘‘कंटाळा आला होता हो. सारखं पडायचा. सकाळी उठल्यापासून हरायचं, बटण लागत नाही, घास सांडतो, ते बरं होतं की तिथेही हरायचं? आणि तुम्ही. तुम्ही इतके दमून यायचात की बघवायचं नाही. त्या विमानांपाशी बसलात की तेवढे माणसात यायचात. तेही काढून घेऊ तुमच्याकडून?’’

कवळीवाले त्यांच्याशेजारी जाऊन बसले. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, तो किक मारत होता, मारत होता, ते दोघं ऐकत बसली. शेवटी मॅडमच म्हणाल्या, ‘‘ते पहिलं विमान काढा. साधं. सरळ.’’

‘‘ते डावीकडे ओढतं.’’

‘‘ओढू दे.’’

दुसऱ्या दिवसापासून तेच सुरू झालं. आरशाची सोय पुन्हा चालू, दोन्ही पंख सारखे, नाकावर पंखा. मॅडम डावा हात उजव्या हाताने उचलून कीबोर्डच्या टोकाशी ठेवायच्या, बोट त्या कळेवर टेकवायच्या आणि निघायच्या. विमान उठायचं, डावीकडे कलायचं, मॅडम दात-ओठ खायच्या, बोट ढिम्म, आणि विमान तळ्यात. पुन्हा. तळ्यात. कवळीवाले शेजारी बसून कासावीस. लांब पंख लावला असता तर! नुसता एक गोळा, तोही लहानसा! त्यांची बोटं शिवशिवायची.

एका रविवारी कवळीवाल्यांना राहवलं नाही. मॅडम दुपारी पडल्या असताना त्यांनी उजव्या पंखाच्या टोकाला वजनाचा सगळ्यात लहान गोळा लावला, पंखाच्या आत लपवून, बाहेरून दिसूही नये असा. संध्याकाळी मॅडमनी उडवलं. विमान धावपट्टी सोडून नेहमीसारखं कललं नाही, सरळच उठलं, तोच मॅडमनी उजवा हात काढून घेतला. विमान तोंडावर आपटलं.

‘‘तुम्ही हात लावलात याला.’’

‘‘मी? छे!’’

‘‘खोटं बोलू नका, जमत नाही तुम्हाला. काढा ते जे काय लावलंय ते. आणि उठा इथून. शिकवणीला बाप नाहीतर नवरा सोबत आला की मी त्याला कुठे बसवायची?’’

‘‘मागच्या सीटवर.’’

‘‘आणि तिथूनही ‘अगं ब्रेक, अगं ब्रेक’ करायला लागला की?’’

‘‘खाली उतरवायचीस.’’

‘‘मग उतरा.’’

कवळीवाले उतरले, म्हणजे स्वयंपाकघरात गेले. त्या दिवसापासून संध्याकाळचा तो तास ते भांड्यांपाशी काढू लागले. हातात घासणी, कान बाहेर. इंजिनचा आवाज चढायचा, थोडा टिकायचा, मग धप्प. शांतता. पुन्हा इंजिन. धप्प. मधूनच मॅडमची अशी एखादी शिवी, जी ड्रायव्हिंग स्कूलमध्येच शिकायला मिळते. घासलेलं पातेलं ते पुन्हा घासायचे. आधीचा तो एक तास तरी होता अंगात जीव घालणारा, तोही गेला. आता नुसतं उठायचं, करायचं, झोपायचं. आणि खरं सांगायचं तर हाताचं काही होईल असं त्यांना वाटणंही बंद झालं होतं. मॅडमना सांगितलं नाही, पण हात गेला असंच त्यांनी मनाशी धरलं होतं. व्यायामाची मुलगी यायची, गोळा द्यायची, ‘‘चालू ठेवा’’ म्हणायची. कुणाला काही विचारायची हिंमत होत नव्हती.

एक दिवस तळघरात काम जास्त निघालं. घरी यायला उशीर झाला, पाय भरून आले होते. चहासुद्धा न घेता त्यांनी भांडी काढली. बाहेर इंजिन सुरू झालं. चढलं. ते धप्पची वाट बघत राहिले, जशी रोज बघायचे. धप्प झालं नाही. आवाज चालूच. त्यांनी नळ बंद केला. आवाज अजून चालू. मग मात्र झालं, नेहमीसारखंच, आणि त्यांनी सुस्कारा टाकून नळ पुन्हा सोडला.

‘‘अहो!’’ मॅडम ओरडल्या. ‘‘हे तुमचं विमान उजवीकडे ओढतंय!’’

‘‘काय?’’

‘‘उजवीकडे, उजवीकडे! पुन्हा हात लावलात ना तुम्ही? सांगून ऐकत नाही तुम्ही! टाकीच्या उजव्या अंगाला नेऊन आपटलं त्याने!’’

कवळीवाल्यांनी हात लावला नव्हता. हातात साबणाचं पातेलं धरून ते उभे राहिले. ते विमान त्यांना टेबलावरच्या जबड्यांइतकं पाठ होतं. ते डावीकडेच जातं. त्याला सोडून दिलं तर डावीकडे, नाक धरलं तर डावीकडे. उजवीकडे ते जायचं एकाच कारणाने. ती कळ कुणीतरी दाबली तर. जरा जास्तच दाबली तर.

ते तसेच ओल्या हातांनी बाहेर आले. पडद्यावर टाकीखाली तुकडे पडले होते. मॅडम पडद्याकडे बघून अजून तणतणत होत्या. डावा हात कीबोर्डच्या टोकाशी होता आणि त्याचं एक बोट कळेवर होतं, टेकवलेलं नाही, दाबलेलं. नखाचं टोक पांढरं पडलं होतं.

‘‘अगं,’’ ते म्हणाले. ‘‘हाताकडे बघ.’’

मॅडमनी खाली बघितलं. तणतणणं थांबलं.

‘‘मी दाबलं?’’

‘‘मग काय मी?’’

‘‘दाबलं मी,’’ मॅडम म्हणाल्या, आणि मग घाबरून, ‘‘अहो, पण सोडता येत नाहीये. बोट उचलतच नाहीये माझं.’’

कवळीवाल्यांचा हात आपोआप पुढे गेला. त्या बोटाखाली आपलं बोट घालायचं, हळूच उचलायचं, झालं. इतके महिने दुसरं केलं काय होतं त्यांनी? मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. कवळीवाल्यांनी हात मागे घेतला, दोन्ही हात काखेत दाबून धरले आणि मागच्या स्टुलावर बसले. अंगावर साबणाचं पाणी ओघळत होतं.

दोघं त्या बोटाकडे बघत राहिली. मॅडमच्या कपाळावर घाम आला. ओठ हलत होते, बोटाला काहीतरी सांगत असाव्यात, नाहीतर शिव्या घालत असाव्यात. बराच वेळ काहीच झालं नाही. मग नखाच्या टोकाला रंग आला. मग कळ वर आली, आणि बोट तिच्यावरून घसरून टेबलावर पडलं.

कवळीवाले रडायला लागले. चांगले मोठ्याने, लहान मुलासारखे, हात काखेतच ठेवून.

‘‘रडताय काय,’’ मॅडम म्हणाल्या. त्यांचाही आवाज ठिकाणावर नव्हता. ‘‘उजवीकडे ओढतंय म्हटलं ना मी. त्याचं काय ते बघा आधी.’’

‘‘नाही बघणार,’’ कवळीवाले म्हणाले. ‘‘ओढू दे.’’

मॅडमनी उजव्या हाताने डोळे पुसले, डावा हात उचलून पुन्हा कळेवर ठेवला आणि इंजिन सुरू केलं. कवळीवाले उठून आत गेले. पातेलं अजून तसंच होतं, नळ चालूच राहिला होता आणि पाणी ओट्यावरून खाली आलं होतं.